मिठाचा अंदाज

सगळे मला भंडारी म्हणतात.
आडनावही तेच, कामही तेच,
त्यामुळे कुणी चुकत नाही.
सोहारच्या बंदरामागे, तीन नंबर कॅम्पच्या मेसमध्ये
दोनशे चाळीस ताटं, दोन वेळा,
शिवाय पहाटे चारला डबे.

जुलैत मल्लेश खिडकीशी येतो
दिवसभर लोखंडाला टाके घालून,
शर्टावर पाठभर पांढरे नकाशे.
म्हणतो, भंडारी, डाळीत मीठ नाही.
डाळीत मीठ आहे. मी घातलंय, मी चाखलंय.
तरी चिमूट टाकतो त्याच्या वाटीत.
पाठीवर वाळलं ते
पोटात परत करतो, एवढंच.

मोतालेबला कडू लागतं.
कारलं, नाहीतर मेथी,
मेथीही नसेल तर करपलेला लसूण चालेल म्हणतो.
आणि तो झारखंडचा नवा पोरगा, बिरसू,
रात्री जिन्याखाली भिंतीचा चुना नखाने खरवडून
जिभेवर ठेवत होता.
मी ओरडलो नाही.
दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डब्यात पालक, गुळाचा खडा, अर्धं लिंबू.
पगाराच्या दिवशी त्याने मला विचारलं,
गूळ मलाच का?
म्हटलं, उरतो म्हणून.

हे कुणी शिकवलं नाही.
शिरोड्याला आई मिठागरावर जायची,
संध्याकाळी पाय धुऊन बसली की
पेज अळणीच प्यायची.
आज अंगात मुरलंय तेवढं बास, म्हणायची.
मी तेव्हा वरून मीठ भुरभुरत असायचो.

माझी जीभ मात्र ड्युटीवर असते.
ह्या पातेल्यातलं थेंबभर, त्यातलं थेंबभर,
रात्री माझं ताट वाढून घ्यावं
तर भूक कधीच निजलेली.
यंदा मेपासून मात्र खजूर.
भाजीच्या पिकअपमधून पीरबख्श त्याच्या गावचे आणतो,
मधासारखे, बोटाला चिकटणारे.
आधी दोन. मग मूठभर. मग पाणी.
मग रात्री तीनदा उठून पाणी,
पेल्याने नाही, कॅन उचलूनच.

मी म्हटलं, उन्हाळा आहे.
मग म्हटलं, घर आठवत असेल.
बायकोला फोनवर सांगितलं, सारखं गोड खावंसं वाटतं गं.
ती हसली. डोहाळे लागले की काय तुम्हाला,
ह्या वयात, आणि तेही परमुलखात!
मीही हसलो. हसताना घसा कोरडा पडला.

मग एका पहाटे मोरीत
मुंग्यांची रांग दिसली.
दाराखालून आत, भिंतीच्या कडेने,
नेमकी तिथे, जिथे मी उभा राहतो.
वीस वर्षं भटारखान्यात गेली माझी.
मुंग्या कशाला येतात
हे मला कुणी सांगायला नको होतं.

दवाखान्यात शायनी सिस्टरने बोट टोचलं.
आकडा बघितला, मला बघितलं,
परत आकडा.
तहान कधीपासून?
मी सांगणार होतो,
की दोनशे चाळीस माणसांचं मला खिडकीतून कळतं,
कोण काय मागतो आणि अंगात काय कमी पडलंय ते.
नाही सांगितलं.
म्हटलं, मेपासून.
तिने लिहून घेतलं. मेपासून.

पीरबख्शला कळल्यावर त्याने डबा परत नेला,
एक अक्षर बोलला नाही.
परवा पिशवीभर काळी वाळलेली लिंबं घेऊन आला.
फोडून उकळायची, साखर नाही.
आंबट, धुरकट, मागाहून जरा कडू.
पहिल्या दिवशी तोंड वाकडं झालं.
चौथ्या दिवशी दुपारी
जिभेने ते आपण होऊन मागितलं,
तेव्हा मी आधी तिच्यावर विश्वासच ठेवला नाही,
मागच्या वेळी हिनेच फसवलं होतं.
की ती खरंच सांगत होती,
आणि मीच खजुराला घर म्हणत बसलो होतो?

आज संध्याकाळी खिडकीशी मल्लेश.
भंडारी, डाळीत मीठ नाही.
चमचा घेतला, चाखली.
खरंच नव्हतं.
गॅसपाशी उभा राहून मी
माझं ते काळं पाणी पीत होतो,
सावकाश,
आणि डाळ चाखायची राहून गेली होती.